साडेदहाच्या जागी आठ

अण्णा, तुमच्या नातीच्या उजव्या डोळ्यात परवा लेन्स बसवली. डावा डोळा शुक्रवारी. रोज घालायची आणि काढायची असते ती ही लेन्स नव्हे. ही डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागे आणि तिच्या स्वतःच्या भिंगाच्या पुढे, घडी घालून सरकवतात. आत गेल्यावर ती आपोआप उलगडते. नारायण पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, तुम्ही पस्तीस वर्षं काचा घासल्यात. तुम्हाला हे सगळं बारकाईनं ऐकायला आवडलं असतं. कशाची करतात, किती जाड असते, कड कशी असते, असं विचारत बसला असतात. सांगते सगळं. पण आधी हे सांगते की मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसावर चिडून काही मिळत नाही, हे मला कळतं. तरी महिना झाला, राग ओसरत नाही.

माझ्यापाशी तुमची एक गोष्ट होती. ती मी इतक्या वेळा सांगितली आहे की सांगताना कुठे थांबायचं हेही ठरून गेलं होतं. बिबवेवाडीचं आपलं घर, मला बघायला पाहुणे येणार, आत्या सकाळपासून येऊन बसलेली. पोह्यांवर खोबरं पेरता पेरता ती म्हणते, "चष्मा तेवढा काढून बाहेर जा गं. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे." मी चष्मा काढून ओट्यावर ठेवते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येता, ओट्यावरचा चष्मा उचलता, सदऱ्याच्या टोकानं पुसता आणि माझ्या हातात देता. "घालूनच बसेल ती. उद्या कुणी म्हणायला नको, फसवलं." आत्या म्हणाली, "दादा, तुझ्या तत्त्वांपायी पोर घरात राहायची." तुम्ही हसलातसुद्धा नाहीत. त्या दिवशी मला वाटलं होतं की असा बाप पेठेत दुसरा नसेल. पुढे वर्तमानपत्रात नोकरीला असताना वडिलांवर काहीतरी लिहा म्हणून पुरवणीनं मागितलं, तेव्हा हेच लिहिलं. वाचकांची पत्रं आली. एका बाईंनी लिहिलं होतं, "तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा." तुम्ही तेव्हा होतात. मी तो अंक तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं लिहिलं आहेस. थोडं लांबलं."

थोडं लांबलं. माझ्यासमोर बसून, अण्णा, तुम्ही एवढंच म्हणालात.

आता पोरीचं. ती सव्वीस वर्षांची आहे, हिंजवडीला कंपनीत जाते, आणि दोन्ही डोळ्यांना साधारण अकराचा मायनस नंबर आहे. लेझर तिला चालत नाही. कॉर्निया, म्हणजे डोळ्याची समोरची पारदर्शक काच, पातळ आहे आणि एवढा नंबर घालवायचा तर ती फार घासावी लागेल. म्हणून ही लेन्स. मी पहिल्या दिवसापासून विरोधात होते. डोळा उत्तम आहे, चष्मा लावला की सहा बाय सहा दिसतं, मग निरोगी डोळा उघडायचाच कशाला, हा माझा मुद्दा. तिचं म्हणणं, "आई, सकाळी उठल्यावर चष्मा सापडेपर्यंत मी आंधळी असते. पोहायला गेले की बाहेर येऊन टॉवेल कुठला, मैत्रीण कुठली, कळत नाही. तुला सवय झाली म्हणून मलाही व्हायलाच पाहिजे का?" डॉक्टर बाई शांत आहेत. तपासण्यांचे कागद आमच्याकडे फिरवून त्यांनी सगळं सांगितलं. मी वही काढली तशी लेक कुजबुजली, "आई, प्रेस कॉन्फरन्स नाहीये ही." बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "लिहू द्या. लिहून घेणारे पालक मला आवडतात, नंतर भांडत नाहीत."

मी लिहून घेतलं ते असं. आत जागा किती आहे ते आधी मोजायचं, कारण लेन्स मापाची हवी. मोठी झाली तर डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो आणि दाब वाढतो, काचबिंदूसारखा. लहान झाली तर मूळच्या भिंगाला टेकते आणि मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. तसं झालं तर लेन्स बदलता येते, काढताही येते, पण त्यासाठी पुन्हा डोळ्यात जावं लागतं. कॉर्नियाच्या आतल्या पेशी थोड्या कमी होतात आणि त्या परत येत नाहीत, म्हणून दरवर्षी मोजायच्या. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. "बहुतेकांना सवय होते," बाई म्हणाल्या, "सगळ्यांना होते असं मी म्हणणार नाही." आणि शेवटी पोरीकडे बघून, "चष्मा जाईल. पण डोळा लांबट आहे तो लांबटच राहणार. मागचा पडदा ताणलेला आहे तो तसाच राहणार. तो सुटण्याचा धोका ऑपरेशननं कमी होत नाही. वर्षातून एकदा पडदा तपासायचा, जन्मभर. आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल, तेव्हा माझ्याकडे येऊन ओरडायचं नाही." लेक हसली. मला एकीकडे भीती वाटत होती आणि एकीकडे बाईंबद्दल आदर वाटत होता. काही विचारायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं.

मग त्यांनी घरची माहिती विचारली. पोरीचा नंबर वर्षभर स्थिर असायला हवा, आणि तिच्या दोन तपासण्यांत अर्ध्या नंबरचा फरक होता. "अर्धा नंबर म्हणजे मोजण्यातलाही फरक असू शकतो. घरात कुणाचा नंबर मोठेपणी वाढला होता का?" मी म्हटलं, "माझा. चोविसाव्या वर्षी, दोन वर्षांत अडीचनं." बाईंनी पेन खाली ठेवलं. "अडीच? वयाच्या विसाव्या वर्षानंतर एवढी उडी सहसा नसते. तसं असेल तर मी सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबेन. आज लेन्स बसवली आणि पुढच्या वर्षी नंबर वाढला तर काय उपयोग?" पार्किंगमध्ये लेकीनं हेल्मेट डोक्यात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "तुला विचारलं कुणी होतं? स्वतःहून कशाला सांगितलंस?" मी म्हटलं, "त्यांनी विचारलं." ती म्हणाली, "तुझा नंबर वाढला तेव्हा तू रिपोर्टिंग सोडलंस. आता माझं काय सोडवणार आहेस?" आणि गाडी काढून गेली.

ती म्हणाली ते खरं आहे. तुम्हाला माहीत आहे, पण पुन्हा सांगते, कारण आता त्याचा अर्थ बदलला आहे. बावीस वर्षांची असताना मला नवा चष्मा लागला. तुम्ही मला डॉक्टरांकडे घेऊन गेलात. चाचणीच्या त्या जड फ्रेममध्ये त्यांनी काचा बदलत नेल्या आणि शेवटची ओळ मी धडाधड वाचली. चिठ्ठी तुम्ही घेतलीत. मी विचारलं, "किती?" तुम्ही म्हणालात, "आठच आहे." चार दिवसांनी चष्मा आणलात. काच इतकी पातळ की आई शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होती, "आठ नंबर आहे, पण कड बघा! यांच्या हातात जादू आहे." मी तो चष्मा घालून गच्चीवर गेले आणि खाली येऊन म्हणाले, "अण्णा, डॉक्टरांकडे जेवढं दिसत होतं तेवढं दिसत नाही." तुम्ही काचा घासायच्या चाकाजवळ बसलेल्या माणसाच्या सवयीनं, मान वर न करता म्हणालात, "तिथे खोलीत अंधार असतो, अक्षरांच्या मागे दिवा असतो, म्हणून उठून दिसतात. चार दिवसांत सवय होईल." मला सवय झाली.

त्या चष्म्यानं मी महापालिकेच्या सभा केल्या. पत्रकारांच्या बाकावरून खाली सभागृहात कोण उभा राहिला ते मला चेहऱ्यावरून कळायचं नाही. मी आवाजावरून आणि अंगकाठीवरून अंदाज करायचे. एकदा एका नगरसेवकाचं सगळं भाषण मी त्याच्या शेजाऱ्याच्या नावावर छापलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यावी लागली. संपादकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, आपण सभागृहात होता, की कँटीनमध्ये?" मी घरी येऊन रडले, आणि तुम्ही मला म्हणालात, "लक्ष देत जा." अण्णा, लक्ष देत जा म्हणालात तुम्ही मला. मी ते मनावर घेतलं. कित्येक वर्षं मी स्वतःला धांदरट समजत होते.

मग लग्न झालं, मी वारज्याला आले, आणि डोकं दुखतं म्हणून तिकडच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्यावरचा चष्मा मशीनला लावला, तो आठचा निघाला. डोळे तपासले, तर साडेदहा. "दोन वर्षांत अडीच?" घरात धावपळ झाली. सासूबाईंनी माझं वाचन बंद केलं, तिखट बंद केलं, स्कूटर बंद केली. पुढे किती वाढेल कुणी सांगायला तयार नव्हतं. मी बिबवेवाडीला येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही कॉटवर बसला होतात, आई पाणी घेऊन आली. तुम्ही म्हणालात, "होतं असं कधी कधी. जप डोळ्यांना." दोन महिन्यांनी मी रिपोर्टिंग सोडून डेस्कवर बदली घेतली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं. उन्हातान्हात फिरणं सुटलं." मी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या नीट केल्या. ते काम मी चांगलं केलं. पण ते मी निवडलं नव्हतं, ते त्या अडीच नंबरानं निवडलं होतं, आणि तो अडीच नंबर कधी वाढलाच नव्हता.

तो वाढला नव्हता, हे मला महिन्यापूर्वी कळलं. डॉक्टर बाईंना दाखवायला माझे जुने कागद मिळतात का म्हणून मी माळ्यावरची पेटी खाली काढली. लग्नात नेलेला तो चष्मा पेटीत होता, तुमच्या दुकानाच्या काळ्या केसमध्ये. तुमच्या दुकानाची एक रीत होती. डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून केसच्या मखमलीखाली सारायची, आणि काच प्रत्यक्षात किती नंबरची घासली ते घासणाऱ्यानं चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायचं, म्हणजे गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर वाद नको. लहानपणी मी दुकानात येऊन बसायचे तेव्हा तुम्ही मला हे शिकवलं होतंत. मी मखमल उचलली. पुढच्या बाजूला डॉक्टरांच्या अक्षरात दोन्ही डोळे साडेदहा. तारीख माझ्या लग्नाच्या दीड वर्ष आधीची. पाठीवर तुमच्या अक्षरात दोन्ही डोळे आठ. आणि खाली एकच शब्द: "घरचं".

मी वारज्याच्या चौकातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या तरुण मालकानं चष्मा मशीनला लावला आणि चिठ्ठी वाचली. "मॅडम, चिठ्ठी दुसऱ्या कुणाची तरी आहे."
"माझीच आहे."
"मग चष्मा दुसऱ्याचा असेल."
"चष्मापण माझाच."
त्यानं माझ्याकडे जरा सांभाळून बघितलं. "मग दुकान बदला."
"बंद झालं ते दुकान," मी म्हटलं.

का केलंत, हे मला कळतं. त्या वेळी साडेदहाची काच म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीचं बूड. मागे डोळे मण्यांएवढे दिसायचे. बघायला आलेल्यांनी पहिल्यांदा ती कड बघितली असती. चष्मा काढून ठेवला असता तर ती फसवणूक झाली असती, कारण ती पाहुण्यांची फसवणूक. म्हणून तुम्ही माझी केलीत. पाहुण्यांशी प्रामाणिक राहायचं म्हणून मुलीला कमी दिसेल अशी काच घातलीत, आणि वर दारात उभं राहून तत्त्वाचं बोललात. यजमानांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू मला नीट न बघताच हो म्हणालीस. आता उलगडा झाला." मी हसले. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते आणि मला फक्त एक निळा शर्ट दिसला होता, हे खरं आहे. माणूस चांगला निघाला, ते नशीब. ते तुमचं कर्तृत्व नव्हे.

तेही मी सोडून दिलं असतं. तो काळ, ती आत्या, ते पोहे, हे सगळं मी समजून घेऊ शकते. लग्नाआधीचं दीड वर्ष मी तुम्हाला माफ करून टाकलं असतं. मला राग आहे तो कॉटवरच्या त्या दुपारचा. लग्न झालं होतं. कुणाला काही कळण्याची भीती उरली नव्हती. मी घाबरून तुमच्याकडे आले होते, आंधळी होईन की काय म्हणून. तुमच्या एका वाक्यानं ते मिटलं असतं: "पोरी, वाढला नाही, मीच कमी केला होता." माझं काम राहिलं असतं. तुमच्याकडे ते वाक्य होतं आणि तुम्ही ते गिळलंत. पुढची नऊ वर्षं, मरेपर्यंत, गिळत राहिलात. तुमच्या चिठ्ठीला सगळं खरं सांगितलंत. मला नाही. आणि तेवढ्यावर ते संपलं नाही, हे मला सहन होत नाही. त्या न बोललेल्या वाक्यानं तुमच्या नातीलासुद्धा एक वर्ष थांबवलं असतं. डॉक्टरांच्या कागदावर, आईचा नंबर चोविसाव्या वर्षी उडी मारून वाढला, असं माझ्या तोंडून लिहिलं गेलं होतं. तुमचं खोटं मी प्रामाणिकपणे सांगून आले होते.

चिठ्ठी आणि चष्मा घेऊन आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी दोन्ही बघितलं, माझ्या वाक्यावर रेघ मारली, आणि पोरीचा नंबर दोनदा नव्यानं मोजला. मागच्या वर्षाएवढाच निघाला. पडद्यावर कडेला एक कमजोर जागा होती, तिथे आधी लेझर करून घेतलं. संमतीपत्र पोरीनं स्वतः सगळं वाचलं, एका ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि मग सही केली. लेन्स मागवली, ती यायला वेळ लागला. परवा सकाळी थेंब घालून डोळा बधिर केला; अर्ध्या तासाच्या आत ती बाहेर होती. दोन तासांनी तपासलं तर दाब वाढलेला. ती म्हणाली, "डोकं ठणकतंय." बाईंनी डोळ्यातलं थोडं पाणी काढलं, औषध दिलं, संध्याकाळी दाब उतरला. "हे होऊ शकतं असं मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे. काल सकाळी उजव्या डोळ्यानं तिनं शेवटची ओळ वाचली. रिक्षातून येताना ती एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून दुकानांच्या पाट्या वाचत होती. सिग्नलच्या दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणाली, "पण चालेल. मला कुणी तरी आधी सांगितलं होतं."

या पत्राला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण त्यात एक गोष्ट आहे जी लिहायचं मी इथपर्यंत टाळलं. लेकीला मी सांगितलं की चिठ्ठी मला आदल्या दिवशी सापडली. तसं नव्हतं. ती नऊ दिवस माझ्या पर्समध्ये होती. ते नऊ दिवस ती जेवायला न बोलता बसायची, वर्षभर थांबायचं म्हणून, आणि मी तिला आमटी वाढायचे. मला वाटत होतं, थांबू दे की वर्षभर. वर्षात तिचं मन बदलेल, डोळ्याला कुणी हात लावणार नाही. तिच्यासाठीच, असं मी स्वतःला म्हणत होते. दहाव्या दिवशी सांगितलं ते धीर आला म्हणून नव्हे, तिचा अबोला सोसवेना म्हणून. हे तिला माहीत नाही. शुक्रवारी दुसरा डोळा होऊ दे, मग सांगेन, असं ठरवलं आहे. तिला कधी कळावं, हेही ठरवते आहे मीच.